हाताचा दाब

चार हेरिंग कोबीच्या पानात गुंडाळता गुंडाळता कोळीण म्हणाली, “बरं झालं हो, प्रोफेसरीणबाई. जाता जाता तरी साहेबांनी ते सगळं टाकून दिलं. सुटला बिचाऱ्यांचा जीव.”

“काय टाकून दिलं?”

“आता मलाच विचारता? ते ग्रीकाचं. वाद घालायचं ते. डॉक्टर ग्रेवेंनी भर चर्चमध्ये सांगितलं की! मी तर रडले. आमच्या ह्यांनी पण डोळे पुसले, आणि आमचे हे स्वतःची आई गेली तेव्हाही जेवायला बसले होते.” तिनं पुडीत आणखी एक मासा टाकला. “हा माझ्याकडून. दुखवट्याचा.”

मी मासे घेतले, आभार मानले आणि चालू लागले. बाजाराच्या टोकाला पोचेपर्यंत मला काहीच झालं नाही. तिथं मात्र थांबावं लागलं, कारण पाय कुठे टाकायचा ते आठवेना. माझ्या नवऱ्याचा, हेनिंगचा, दफनविधी होऊन पाच दिवस झाले होते. मी पहिल्या बाकावर होते, ग्रेवेपासून दहा पावलांवर, आणि एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. मोलकरीण मेटेनं माझ्या गळपट्टीला खळ जास्त घातली होती, ती टोचत होती, तेवढं आठवतं. प्रवचनपीठावरच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपली, ग्रेवेंनी ते उलटं केलं, पुन्हा संपली, पुन्हा उलटं केलं, हेही आठवतं. म्हणजे ते तीन घटका बोलले असणार. ज्या माणसाशी ते एकोणीस वर्षं भांडले, त्याच्यावर तीन घटका. मला तेव्हा वाटलं होतं, बरंय, मोठ्या मनाचा माणूस आहे. लोकांबद्दल माझा अंदाज सहसा चुकत नाही. कोण ताटात काय टाकतो, कोण दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, यावरून तीस वर्षं मी माणसं नोंदवत आले आहे. ग्रेवे आमच्याकडे एकदाच जेवले होते. त्यांनी हाडसुद्धा चोखून स्वच्छ करून ठेवलं होतं. असा माणूस काहीच वाया जाऊ देत नाही, मेलेला शत्रूसुद्धा नाही, हे तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

आमच्याकडची रीत अशी की कुणी नाव असलेला माणूस गेला की प्रवचनाच्या शेवटी त्याचं चरित वाचतात. जन्म कुठला, शिकला कुठे, लग्न कुणाशी, मुलं किती आणि त्यातली किती पुरली. हा मजकूर घरच्यांनी लिहून द्यायचा. शेवटचे दिवस मात्र कोरे सोडायचे, ते धर्मगुरूनं भरायचे, कारण शेवटी उशाशी तो असतो. मग प्रवचन आणि चरित एकत्र छापतात आणि सगळ्या विद्यापीठांना, सगळ्या सोयऱ्यांना धाडतात. माणूस कसा जगला यापेक्षा कसा मेला हेच लोक आधी उघडून बघतात. मी स्वतः तसंच करते. माझ्या कपाटात अशी सत्तरेक माणसं आहेत, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान आधी मळलेलं आहे. हेनिंगचा कागद मीच लिहून दिला होता. खालची वीतभर जागा कोरी मीच सोडली होती.

घरी योस्ट ओट्यापाशी उभा राहून पाव खात होता. माजिस्टर योस्ट लाम्पे सात वर्षं आमच्या पंगतीला, म्हणजे घरी पैसे देऊन जेवणाऱ्या विद्यार्थ्यांत, आहे. आला तेव्हा पाप्याचं पितर होता, आता हेनिंगचा झगा त्याला खांद्यात आखूड होतो. हेनिंगच्या जागी तोच येणार असं सगळे धरून चालले होते, मुख्यतः तो स्वतः.

“चर्चमध्ये काय सांगितलं ग्रेवेंनी?” मी विचारलं.

त्यानं पाव खाली ठेवला. “मावशी, तुम्ही तर पुढे बसला होता.”

“पुढे बसले होते. ऐकलं नाही. सांग.”

“सांगितलं की…” त्याचे कान लाल झाले. “सांगितलं की सरांनी मरताना अंधाऱ्या मूर्तिपूजकाची, त्या ग्रीकाची, सगळी विद्या टाकली, आणि तशी खूण केली. हात दाबून. आम्ही सगळे बाकाच्या कडा धरून बसलो होतो. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं तुमच्या समोरच झालं.”

“माझ्या समोरच झालं,” मी म्हणाले आणि मासे चिरायला घेतले.

हे कशावरून एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ऐंशी वर्षांपूर्वी विटेनबर्गच्या त्या बंडखोर मठवाशानं रोमच्या पोपाला दार दाखवलं तेव्हा त्याच धडाक्यात जुन्या ग्रीकालाही, तर्कशास्त्राच्या त्या मूळपुरुषालाही, हाकलून दिलं. माणूस श्रद्धेनं तरतो, तर्कानं नाही, मग हा दाढीवाला आमच्या शाळांत काय करतोय, असा त्याचा सवाल. पण शाळा चालवायची म्हटली की मुलांना विचार करायला शिकवावंच लागतं. मूळ भाषा वाचा, भाष्यकारांची चरबी काढा आणि हाडाला हात घाला, हे वेड तोवर सगळ्या शिकलेल्यांना लागलेलंच होतं. त्यामुळे त्या मठवाशाच्याच मित्रानं, ग्रीक शिकवणाऱ्या एका काटकुळ्या मास्तरानं, तोच ग्रीक मागच्या दारानं परत आत घेतला. आंघोळ घालून, नवे कपडे घालून, मठातल्या भाष्यांचा वास घालवून. तेव्हापासून तो आमच्या विद्यापीठांत आश्रितासारखा राहतोय. जेवायला मिळतं, पण कुणीही ऊठ म्हणतं. हेनिंगनं त्याला उठवून उभं केलं. तर्क तर शिकवलाच, पण त्यापुढचं शास्त्रही, म्हणजे ‘असणं’ म्हणजे काय हेच विचारणारं. आमच्या लोकांनी ते दोन पिढ्या टाकून दिलं होतं. ग्रेवेंचं म्हणणं होतं की श्रद्धेचं सत्य एक आणि तत्त्वज्ञान्यांचं दुसरं, आणि दोघांचं वैर आहे. हेनिंगचं म्हणणं होतं की सत्याला सवत नसते. एवढंच भांडण. त्यावर एकोणीस वर्षं, चाळीसेक पत्रकं, दोन मारामाऱ्या आणि ड्यूककडे तीन अर्ज. सप्टेंबरअखेरीच्या मिखाएलच्या सणानंतर ड्यूकचं मंडळ बसणार होतं, आणि ‘असण्याचं’ ते व्याख्यान ठेवायचं की बंद करायचं हे ठरणार होतं. मंडळातले लोक पत्रकं वाचत नाहीत. पण ओळखीच्या माणसाचं मरण सगळे वाचतात.

“हे छापलं की झालं,” योस्ट म्हणाला. “चाळीस वर्षं शिकवणाऱ्यानंच शेवटी थुंकलं म्हटल्यावर कोण आमचं ऐकणार? माझं सोडा. सरांचं नाव जगात तेवढ्या एका ओळीनं उरेल.”

तो माझं सोडा म्हणाला तेव्हा त्याचं धरायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण दुसरं वाक्य खरं होतं. मी माशाचं पोट साफ करत होते आणि हात थांबत नव्हते, कारण थांबले असते तर त्या दुपारचा विचार करावा लागला असता.

ती दुपार अशी. झटका येऊन नऊ दिवस झाले होते. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. खिडकी उघडी होती आणि मागच्या अंगणात मेटे बिअरची पिंपं घासत होती, तो खरखराट आत येत होता. हेनिंगला तो आवाज आवडायचा, म्हणून मी तिला थांब म्हटलं नाही. ग्रेवे आले. परगण्याचे मुख्य धर्मगुरू तेच, शिवाय विद्याशाखेचे प्रमुखही यंदा तेच, दुसऱ्या कुणाला बोलावणं शक्यच नव्हतं. ते आले आणि पलंगाच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसले. ती माझी खुर्ची. नऊ दिवस मी तिथं बसत होते. मी उठले, पलंगाखालचं भांडं उचललं आणि भिंतीकडून आत सरकून उजव्या बाजूला उभी राहिले. म्हणजे हेनिंगचा जिवंत हात ग्रेवेंच्या हातात गेला आणि माझ्या वाट्याला मेलेला आला. मी तो धरला. तो गरम होता, वजनदार होता आणि त्यात कुणीच नव्हतं. ग्रेवेंनी प्रार्थना म्हटल्या, चांगल्या म्हटल्या, हे कबूल केलं पाहिजे. मग वाकून, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं त्यांनी विचारलं. हेनिंगनं डोळे उघडले. ग्रेवेंच्या मुठीत त्यांची बोटं मिटली, उघडली. ग्रेवे म्हणाले, “आमेन.” पुढे तासाभरात सगळं आटोपलं. ते बोटं मिटणं मी पाहिलं होतं. तेव्हा माझ्या मनात तत्त्वज्ञान आलं नाही, श्रद्धाही आली नाही. मनात एवढंच आलं की तो हात तिकडे का आहे.

नंतरचे दोन दिवस मी हे मनात घोळवत राहिले, अंथरुणं वाळवताना, पीठ मळताना, पंगतीला वाढताना. बारा जण अजून जेवत होते, कारण विधवेला वर्षभर घर आणि पंगत ठेवू देतात, कृपेचं वर्ष म्हणतात त्याला. कृपा अर्थातच शाखाप्रमुखाची. मुलं माझ्यासमोर गप्प जेवायची, मी खोलीबाहेर गेले की कुजबुजायची. तिसऱ्या दिवशी वाटाणे सोलत बसले होते आणि ग्रेवेंनी नेमकं काय विचारलं ते जसंच्या तसं आठवलं. “हेनिंग, तू केवळ ख्रिस्ताच्या पुण्याईवर विसंबून मरतोस, आणि त्या मूर्तिपूजकाची विद्या मृत म्हणून टाकतोस ना?” शेंग माझ्या हातात तशीच राहिली. एवढं मोठं वाक्य. मी हसले. विधवा होऊन दहा दिवस झाले होते आणि मी स्वयंपाकघरात एकटी मोठ्यानं हसले, मेटे धावत आली.

“बाई, काय झालं?”

“जोडप्रश्न,” मी म्हणाले.

“कोण?”

तिला काय सांगणार. तीस वर्षं आमच्या घरी जेवणाआधी एक विद्यार्थी विधान मांडायचा आणि दुसरा त्यावर प्रश्न विचारायचा, सगळं लॅटिनमध्ये. मी दारात सूपाचं पातेलं घेऊन उभी असायचे. मला कळत नाही असं सगळे धरून चालायचे, पण रोज तेच ऐकलं तर भिंतीलाही लॅटिन येईल. एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असले आणि समोरच्यानं भोळेपणी नुसतं ‘हो’ म्हटलं, तर हेनिंग चमचा टेबलावर आपटायचे. “कशाला हो म्हणालास? पहिल्याला की दुसऱ्याला? ‘तू अजून चोरी करतोस का’ असं विचारलं तरी हो म्हणशील?” प्रश्न फोडेपर्यंत विचारणाऱ्यानं खुर्चीमागे उभं राहायचं. सूप गार व्हायचं. किती सूप मी परत तापवलं याचा हिशेब नाही. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा ही चूक ओळखतो. आणि ग्रेवेंनी, एकोणीस वर्षं तर्काला शिव्या देणाऱ्या आणि त्यामुळे त्याचा एकही धडा न शिकलेल्या ग्रेवेंनी, ती चूक करायला जागा कुठली निवडली तर हेनिंगचा मृत्युपलंग.

पण हसू ओसरल्यावर जे उरलं ते मला फारसं आवडलं नाही. कारण मला उन्हाळ्यातली एक सकाळ आठवली. हेनिंग अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली बसले होते, मांडीवर टाचणवही होती. ते आयुष्यभर त्याच वहीत उतारे काढत आले, मथळ्याखाली मथळा. मी दूध घेऊन गेले तर म्हणाले, “आर्मगार्ड, ‘असणं’ या मथळ्याखाली माझी एकशे दहा पानं आहेत. आणि आता जे यायचंय, त्याच्यासाठी एक ओळ नाही.” मी म्हटलं, दूध प्या. त्यानंतर ते फक्त स्तोत्रं वाचायचे. वही उघडताना मी त्यांना पाहिलं नाही. मग त्या मिटलेल्या बोटांनी दोन्हीला हो म्हटलं नसेल कशावरून? तीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्याच्या मनात शेवटी काय होतं, हे मला सांगता येत नव्हतं. ग्रेवेंना खोटं ठरवायला मी निघाले होते, आणि ते खोटं बोलले असं मी शपथेवर म्हणू शकत नव्हते. ते हावरटपणे बोलले, एवढंच. आणि माझ्या रागातला अर्धा भाग त्या खुर्चीचा होता, हेही खरं. देवाच्या पुस्तकात तो वेगळ्या रकान्यात लिहिला जाईल.

योस्टनं संध्याकाळी कागद आणला. सुरेख अक्षर. “मावशी, हे वाचा. शेवटच्या दिवसांचा मजकूर. तुम्ही घरच्या, तुम्ही पाहिलंत म्हटल्यावर छपाईत हेच घ्यावं लागेल.”

वाचलं. त्यात हेनिंग डोळे उघडतात, स्मित करतात, वहीकडे बोट दाखवतात आणि आकाशाकडे पाहतात.

“कुठलं बोट?”

“उजव्या हाताचं… नाही, डाव्या.”

“डावा ग्रेवेंकडे होता.”

“मग नजरेनं दाखवतात असं करू.”

“करू? अरे, मरण आहे ते, नाटक नाही बसवत आपण.”

“त्यांनी खोटं सांगितलं तर आपण का नाही? चांगल्या कामासाठी आहे. सत्यासाठी आहे, मावशी!”

“सत्यासाठी तू खोटं लिहिणार, श्रद्धेसाठी ते लिहिणार. म्हणजे सत्यं दोन झाली. मग ग्रेवे बरोबरच म्हणतात, नाही का? जा, त्यांच्याच वर्गात बस.”

तो उभाच राहिला. मोठा झालेला माणूस एकदम लहान दिसतो तसा दिसला. मग म्हणाला, “तुम्ही हे कुठे शिकलात?”

“सूप वाढताना.”

त्याचा कागद मी चुलीत घातला नाही, त्याला परत दिला. चुलीत घालणं हेही नाटकच झालं असतं. रात्र होण्याआधी मी हेनिंगच्या मेजाशी बसले, पहिल्यांदाच, आणि त्यांच्या वहीतलं कोरं पान समोर घेतलं. त्यांची सवय होती, जुना ग्रंथ छापताना ते विद्यार्थ्यांना बजावायचे की पोथीत जे आहे ते आधी द्या. तुम्हाला काय वाटतं ते समासात, आणि शक्यतो तिथंही नको. मी ठरवलं, पोथीत आहे तेच द्यायचं. पण त्यासाठी पोथी ज्याच्याकडे होती त्याच्याकडे जायला हवं होतं.

ग्रेवे घरीच होते, तेही दुसऱ्या प्रवचनाच्या तयारीत. मला पाहून उठले, खुर्ची दिली. तोंडावर अपराध नव्हता, मी तो शोधला. हा माणूस मनापासून समजत होता की त्यानं एक जीव वाचवला.

“डॉक्टरसाहेब,” मी म्हटलं, “छपाईचं चरित मी नीट करतेय. शेवटचा प्रसंग तुम्ही चर्चमध्ये थोडक्यात सांगितला. लोकांना तुमचे शब्द हवेत. तुम्ही नेमकं काय विचारलंत ते तसंच्या तसं घालावं म्हणते.”

त्यांचा चेहरा उजळला. लेखणी धरणाऱ्याकडे त्याचे शब्द मागितले की असं होतं. मी ते पंगतीला शंभरदा पाहिलं आहे. “तसंच्या तसं? जरूर. लिहा.” आणि त्यांनी डोळे मिटून, हात पुढे करून, जणू हेनिंगचा हात त्यात आहे अशा आवाजात तो प्रश्न पुन्हा म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्मरणशक्ती मोठी. “आणि मग त्यांनी हात दाबला. एकदा.”

“एकदा,” मी लिहिलं. “आणखी काही?”

“आणखी काय हवं?” ते म्हणाले.

काही नको होतं. घरी येऊन मी उरलेलं लिहिलं. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, डॉक्टर ग्रेवे यांनी पुढीलप्रमाणे विचारलं, त्यावर त्यांनी एकदा हात दाबला, तासाभरानं प्राण गेला. पत्नी दुसऱ्या बाजूला होती. चार ओळी. त्यात ना अश्रू, ना स्मित, ना आकाश. लिहिताना मला भीती वाटली नाही, उलट आत काहीतरी नीट बसल्यासारखं झालं. पहिल्यांदाच कळलं की ही माणसं दिवसदिवस मेजाशी का बसतात. एक वाक्य जितकं खरं आहे तितकंच ठेवायचं, वर एक चिमूटही नाही. त्याला किती जोर लागतो! आणि हेही कळलं की हेनिंगच्या मनात शेवटी काय होतं हे मला माहीत नसणं ही माझी हार नाही. त्यांचा आणि देवाचा मामला होता तो. मध्ये कुणी बसायचं नाही, याच एका गोष्टीसाठी आमच्या आजोबांनी पोपाशी वैर घेतलं. मग मध्ये ग्रेवे का, आणि योस्ट तरी का, आणि मी तरी का?

मजकूर छापखान्यात गेला. तिथं मुद्रितं तपासायला विद्यार्थीच असतात. दोन दिवसांत योस्ट धापा टाकत आला. छापखान्यात हशा पिकला होता, एकानं तो प्रश्न भिंतीवर खडूनं लिहिला होता आणि खाली ‘खुर्चीमागे उभे राहा’. मला तो हशा आवडला नाही. हेनिंग मेले होते आणि लोक हसत होते. पण तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. ग्रेवे एकटेच, हातात ओलसर मुद्रित. मेटेनं त्यांना आत आणलं. ते बसले नाहीत.

“तुम्ही माझ्याच शब्दांनी माझं नाक कापलंत.”

“एक तरी शब्द मी बदललाय का?”

“नाही.” त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. “मी तपासला. नाही. दोन प्रश्न एकत्र विचारले मी. मला जाणवलंच नाही. मला वाटलं तो एकच आहे. माझ्यासाठी तो एकच आहे, प्रोफेसरीणबाई, अजूनही.”

“तुमच्यासाठी असेल. उत्तर देणारे दुसरे होते.”

“खोडू का मी हे?”

“खोटं असेल तर खोडा.”

त्यांनी खोडलं नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि माझ्या मनातल्या वहीत त्यांच्या नावापुढे जे लिहिलं होतं त्यात काहीतरी दुरुस्त करावं लागणार हे मला दिसत होतं. हा माणूस प्रमुख होता, छापखान्याला एक निरोप धाडला असता तर ते पान गळलं असतं. ते त्यांच्या मनात येऊन गेलं हेही दिसलं. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, “तुम्ही दुसरा हात धरला होता. तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?”

“माझ्याकडे मुका हात होता, डॉक्टरसाहेब.”

अंगणातून पिंप लोटल्याचा आवाज आला. “ती खुर्ची तुमची होती,” ते म्हणाले. “मी विचारायला हवं होतं.” एवढंच. मी उत्तर दिलं नाही, कारण बरं म्हटलं असतं तर ते पूर्ण खरं झालं नसतं.

मग त्यांनी कागद मेजावर पसरला आणि तळाला बोट ठेवलं. “पण एक गोष्ट आहे. इथं ‘चरित लिहिले माजिस्टर लाम्पे यांनी’ असं आलंय.”

“बायकांचं नाव घालत नाहीत. रीत आहे.”

“लिहिलं कुणी?”

मी पकडले गेले. सरळ, स्वच्छ, माझ्याच नियमानं. या माणसाला तर्क येत नाही म्हणून मी वाटाणे सोलताना हसले होते.

“लिहिलं कुणी?” त्यांनी पुन्हा विचारलं. टोमणा नव्हता त्यात. “खोटं असेल तर खोडा म्हणालात ना? मग हे खोटं आहे. तुमचं नाव असेल तर मी हे असंच छापू देईन, प्रश्नासकट. पण नीट विचार करा. मंडळात माझ्या बाजूचे लोक आहेत, ते माझ्यासारखे नाहीत. विधवेनं मुख्य धर्मगुरूला छापून उत्तर दिलं म्हणतील. कृपेचं वर्ष मी देऊ शकतो, ते काढून घ्यायला मात्र त्यांना माझी गरज लागणार नाही.”

तसंच झालं पुढे. मंडळानं चार विरुद्ध तीन मतांनी व्याख्यान ठेवलं. एक पिकल्या केसांचा सल्लागार, जो तरुणपणी आमच्या पंगतीत खुर्चीमागे उभा राहिला होता, त्या पानावर बोट ठेवून नुसता हसत बसला म्हणे. योस्ट सकाळी नऊला शिकवतो, जरा भरभर. आणि नाताळाच्या आत मला घर सोडावं लागलं, पंगतही गेली. आता चामडेवाल्यांच्या गल्लीत दोन खोल्या आहेत आणि वास आहे. पण त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त मेज होतं, कागद होता, समोर उभा असलेला एक प्रामाणिक, अवघड माणूस होता आणि पायांखाली तीस वर्षांची जमीन, जिची प्रत्येक फरशी मी घासली होती. मला घर हवं होतं. मी ते स्वतःपासून लपवलं नाही. क्षणभर वाटलं, योस्टचं नाव राहू दे, कुणाचं काय बिघडतं. मग लेखणी बुडवली, योस्टचं नाव आडवं खोडलं आणि वर लिहिलं, आर्मगार्ड, हेनिंगची पत्नी, हिने पाहिले व लिहिले. अक्षर मोठं आलं, ओळीबाहेर गेलं.

शाई ओली होती. ग्रेवेंनी मेजावरची शाई टिपायच्या वाळूची डबी उचलली, झाकण काढून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवली.